कलथाइं

त्या रात्रीचं जेवण मला अजून पदार्थांसकट आठवतं. आंबवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर, तिच्यात तळलेली डाळ, तीळ आणि कुरकुरीत लसूण, कोळंबीचं कालवण, पॉसान तांदळाचा सुवासिक भात, आणि यजमानीणबाईंनी ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे. २०२१ सालच्या जानेवारीची ३० तारीख, शनिवार. रंगूनच्या गोल्डन व्हॅली भागातला जुना बंगला. करोनामुळे बरेच महिने कोणी कोणाकडे गेलेलं नव्हतं, त्यामुळे आठ माणसं एका टेबलाभोवती बसली आहेत याचंच सगळ्यांना अप्रूप वाटत होतं. एक जण युरोपातल्या एका देशाच्या वकिलातीतला, दोघं मदतसंस्थांमधले, एक जण वीस-पंचवीस वर्षं या देशावर लिहीत आलेला, एक बँकेतली, यजमानीण, मी, आणि माझ्या ऑफिसातली अमा. अमा म्हणजे बर्मी भाषेत मोठी बहीण. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अमा म्हणायचे आणि ती मला न्यीमा, धाकटी बहीण. टेबलावरची ती एकटीच बर्मी होती.

बोलणं अर्थातच एका विषयावर. सोमवारी नवी संसद भरायची होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीतल्या मतदारयाद्या खोट्या होत्या असं लष्कर आठवडाभर म्हणत होतं, काही शहरांत रस्त्यावर चिलखती गाड्या दिसल्या होत्या, आणि आदल्या दिवशी पाश्चात्त्य वकिलातींनी मिळून निवेदन काढलं होतं की निकाल बदलण्याचा कोणताही प्रयत्न आम्हाला मान्य नाही. शनिवारी लष्करानं खुलासा केला की आमच्या बोलण्याचा विपर्यास झाला, आम्ही राज्यघटनेचं रक्षणच करू. त्यामुळे टेबलावर जरा सैल वातावरण होतं. वकिलातीतल्या गृहस्थांनी शांतपणे, एकेक मुद्दा ठेवत समजावून सांगितलं की लष्कर सत्ता हातात घेणार नाही. २००८ची राज्यघटना लष्करानंच लिहिलेली आहे. संसदेतल्या चौथ्या हिश्शाच्या जागा त्यांच्या. संरक्षण, गृह आणि सीमाभाग ही खाती त्यांची. घटना बदलायची तर तीन चतुर्थांशांहून जास्त मतं लागतात, म्हणजे त्यांच्या मर्जीशिवाय काहीच बदलत नाही. सगळं हातात असताना ते स्वतःच्याच घराला काडी का लावतील? मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्यात दोन वाक्यांची भरही घातली. मग कोणीतरी अमाकडे वळून अगदी आस्थेनं विचारलं, ‘आणि तुम्हा लोकांना काय वाटतं?’ सगळे थांबले. अमा किंचित हसली, ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘जेवण फार छान झालंय.’ यजमानीण खूश झाली, सगळे हसले, आणि बोलणं पुढे सरकलं.

सोमवारी पहाटे फोन बंद पडले. नऊच्या सुमाराला कामवाली मावशी धापा टाकत आली आणि तिच्या तोंडून कळलं की निवडणूक जिंकलेल्या नेत्या आंग सान सू ची यांना लष्करानं धरून नेलंय. खाली एटीएमसमोर रांग लागली होती, कोपऱ्यावरच्या दुकानात तांदूळ संपला होता. आठवड्याभरानं अमाच्या घरी गेले तेव्हा जिन्याखाली पॉसान तांदळाची दोन पोती दिसली, तेलाचा डबा, मेणबत्त्यांचे पुडे. मी म्हटलं, ‘बरं झालं, तुला मिळालं.’ ती म्हणाली, ‘शनिवारी सकाळीच घेऊन ठेवलं होतं. पैसे शुक्रवारी काढले.’

म्हणजे तांदूळ भरून ठेवून ती जेवायला आली होती, आणि आम्ही तिला घटनेची कलमं ऐकवत होतो.

गेली पाच वर्षं ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझा अंदाज चुकला याचं मला तितकं वाटत नाही, अंदाज चुकतात. मला टोचतं ते हे की माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईला काय माहीत आहे, हे विचारावं असं मला आदल्या दोन दिवसांत एकदाही वाटलं नाही. आम्ही रोज एका टेबलावर डबा खायचो.

खुर्चीसाठी बर्मी भाषेत शब्द आहे ‘कलथाइं’. हा शब्द मला अमानंच शिकवला, पहिल्याच महिन्यात. थाइं म्हणजे बसणं. आणि कला म्हणजे पश्चिमेकडून समुद्र ओलांडून आलेला परका. आधी आपण हिंदुस्थानी, मग आपल्या मागोमाग आलेले गोरेही. म्हणजे खुर्ची म्हणजे ‘परके ज्याच्यावर बसतात ते’. बर्मी माणसं चटईवर बसायची. ‘कला’ हा शब्द आता बहुतेक वेळा हेटाळणीनंच वापरला जातो. भाजीवालीच्या तोंडून तो माझ्या पाठीमागे मी अनेकदा ऐकला आहे, आणि तिथल्या मुसलमानांनी तर त्याहून कितीतरी विखारी सुरात. चण्यालासुद्धा ते ‘कलाची डाळ’ म्हणतात. त्या वेळी मला हा भाषेतला गमतीचा तुकडा वाटला होता, मी आईला फोन करून सांगितला होता. आता खुर्ची ओढली की तो आठवतो.

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे ब्रह्मदेश लांबचा कधीच नव्हता. थिबा पॅलेस शाळेच्या वाटेवर, थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते, संध्याकाळी तिथे भेळ खायची. जांभ्या दगडाचा आणि सागवानी लाकडाचा तो लालसर वाडा, उतरती छपरं, आत गेलं की दुपारीही येणारा तो थंड, बंद घराचा वास. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा आमच्या बोलण्यात शेजाऱ्यासारखा येतो. त्याला इथे कोणी आणलं, तर इंग्रजांनी, एवढं ठाऊक होतं. का आणलं, हे मी शाळेत कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर कोणी काय सांगितलं असतं कोण जाणे.

ते मी रंगूनला जाऊन वाचलं, आणि वाचताना आमच्या जेवणाच्या टेबलाची आठवण आली. १८८५च्या आधी दोन-तीन वर्षं रंगूनमधले इंग्रज व्यापारी मंडालेच्या राजकारणावर तावातावानं बोलत होते. रंगून तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात, वरचा ब्रह्मदेश थिबाचा. सभा भरत होत्या, वर्तमानपत्रांत पत्रं छापली जात होती, व्यापारी मंडळ सरकारकडे अर्ज धाडत होतं की वरचा मुलूख खालसा करा. त्यांची कारणं सगळीच खोटी होती असं नाही. थिबा गादीवर आल्यावर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या कित्येक माणसांची कत्तल झाली होती, ही गोष्ट खरी आहे. प्रजेचे हाल होते, हेही खरं. पण शेवटी युद्धाला निमित्त मिळालं ते सागवानाचं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, म्हणजे आपल्या मुंबईत कचेरी असलेली कंपनी, जंगलातून ओंडके जास्त काढते आणि नोंदवते कमी, असं म्हणून मंडालेच्या दरबारानं तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. नोव्हेंबरात फौज निघाली, पंधरवड्यात मंडाले पडलं, १ जानेवारी १८८६ला तो मुलूख इंग्रजी राज्याला जोडल्याचं जाहीर झालं. आणि राजा-राणीला मद्रासमार्गे आमच्या गावी आणून ठेवलं. राजा १९१६ मध्ये तिथेच वारला. लोकांच्या दुःखाबद्दलचं खरं वाक्य आणि सागवानाची किंमत एकाच माणसाच्या तोंडून एकाच सभेत निघू शकते, हे मला तेव्हा कळलं.

मंडालेला मी एकदाच गेले, अमाच्या आत्याकडे. किल्ल्याच्या चारही बाजूंनी पाण्यानं भरलेला रुंद खंदक, आणि त्याच्या पलीकडे लालसर विटांची लांबच लांब भिंत. आत बराचसा भाग लष्कराची छावणी, आणि परक्या माणसांनी फक्त पूर्वेच्या दरवाज्यातून जायचं. टिळकांना १९०८ ते १९१४ याच किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलं होतं, गीतारहस्य त्यांनी इथेच पेन्सिलीनं लिहिलं. त्या जागेपर्यंत जाता येईल का, असं मी दरवाज्यावरच्या शिपायाला विचारलं तर त्यानं हातानंच नाही म्हणून खूण केली. अमा मला सांगत होती की तिच्या आजोबांना टिळक हे नाव माहीत होतं. ते म्हणायचे, एक कला इथे सहा वर्षं राहिला आणि त्याला कोणाशी बोलू दिलं नाही. मार्च २०२५च्या भूकंपात त्या भिंतीचे भाग कोसळल्याची छायाचित्रं मी पाहिली, आणि माझ्या मनात पहिल्यांदा त्या आत्याचं घर आलं.

नावावरूनसुद्धा परक्यांची भांडणं. लष्करानं १९८९ मध्ये देशाचं इंग्रजी नाव बदलून म्यानमार केलं, तेव्हापासून कोण बर्मा म्हणतो आणि कोण म्यानमार म्हणतो यावरून तो कुठल्या बाजूचा हे ओळखायची पद्धत पडली. अमेरिकी वकिलात अजूनही बर्माच म्हणते. २०१६ मध्ये सू ची यांनी सगळ्या राजदूतांना बोलावून सांगितलं की दोन्हीपैकी काहीही म्हणा, तेव्हा कुठे काहींच्या जिवात जीव आला. आमच्या आईचं बरं, ती ब्रह्मदेशच म्हणते.

पण यापेक्षा मोठं भांडण निर्बंधांचं होतं, आणि ते मी तिथे जायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. एक गट म्हणायचा, या राजवटीशी व्यापार म्हणजे जुलमाला पैसा. दुसरा म्हणायचा, दारं बंद केलीत तर चिनी येतील आणि उपाशी मरतील ते गरीबच. २००३ मध्ये अमेरिकेनं तिथून येणाऱ्या मालावर बंदी घातली. वॉशिंग्टनमध्ये तो नैतिक निर्णय होता आणि ज्यांनी घेतला ते मनापासून घेत होते, यावर माझा विश्वास आहे. त्या वर्षी अमाची धाकटी बहीण हलाइंगतायाच्या औद्योगिक वसाहतीत शर्टांना कॉलर लावत होती. कारखाना बंद झाला. तिच्यासारख्या हजारो मुली घरी बसल्या. मी अमाला विचारलं, मग तुमचं काय म्हणणं होतं, निर्बंध हवे होते की नको? तिनं बराच वेळ विचार केला. म्हणाली, ‘बहीण रडायची. आणि आमचे वडील रोज रात्री रेडिओ छातीशी धरून बाहेरचे लोक आपल्याबद्दल बोलतायत का ते ऐकायचे. दोघं एकाच घरात.’ याहून खरं उत्तर मला कुठल्याही अहवालात मिळालं नाही.

त्या रेडिओत आपला आवाजही होता. १९८८ मध्ये लष्करानं हजारो माणसं मारली तेव्हा आकाशवाणीची बर्मी सेवा जे बोलली ते तिथले म्हातारे अजून सांगतात. जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीतल्या आपल्या बंगल्यात बर्मी विद्यार्थ्यांना जागा दिली, आणि संरक्षणमंत्री झाल्यावरही ती मुलं तिथेच होती. मुंबईचा संप करणारा माणूस हे करतो याचं मला लहानपणी काही वाटलं नव्हतं. रंगूनमध्ये एका टॅक्सीवाल्यानं मी हिंदुस्थानी आहे कळल्यावर ‘जॉर्ज’ म्हणून छातीवर हात ठेवला तेव्हा वाटलं. १९९३च्या सुमाराला दिल्लीचं धोरण वळलं. ईशान्येतल्या बंडखोरांचा बंदोबस्त, सीमेवरचा रस्ता, चीन. ही कारणंही खरी आहेत. माणूस परराष्ट्र खात्यात बसला की त्याला खरी कारणं भरपूर मिळतात.

आणि आता जी गोष्ट लिहायला मला सगळ्यात अवघड जाते ती. परके नेहमी चुकतात आणि तिथली माणसं नेहमी बरोबर असतात, असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. २०१७च्या ऑगस्टनंतर पश्चिमेकडच्या रखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले. गावंच्या गावं जाळली होती, उपग्रहाच्या चित्रांत ती काळी दिसत होती. रंगूनमधल्या आम्हा परक्यांना ते दिसलं. माझ्या ऑफिसातल्या गोड, प्रेमळ, रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज भात घालणाऱ्या माणसांना ते दिसलं नाही, किंवा दिसायला नको होतं. २०१९च्या डिसेंबरात सू ची हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लष्कराची बाजू मांडायला गेल्या तेव्हा शहरभर त्यांच्या पाठिंब्याचे फलक लागले. अमानं फोनवरचं स्वतःचं चित्र काढून तिथे त्यांचं लावलं. मी तिच्याशी भांडले. आवाज चढवून भांडले. ती म्हणाली, ‘तू आमच्याकडे चार वर्षं राहणार आणि जाणार. आम्हाला शिकवू नकोस.’ पंधरा दिवस आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर डबा खाल्ला. २०२१च्या मार्चमध्ये, सैनिकांनी तिच्या गल्लीत गोळ्या झाडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती आपणहून म्हणाली, ‘रखाइनमध्येही असंच केलं असणार. आम्ही ऐकलं नाही.’ त्या दिवसांत कितीतरी बर्मी तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. मी तेव्हा बरोबर होते. पण ज्या आवाजात मी ते सांगितलं होतं तो आवाज माझा मलाच ऐकवत नाही, आणि बरोबर असल्याचा आनंद कणभरही झाला नाही.

सत्ता हातात घेतल्याच्या दुसऱ्या रात्रीपासून आठ वाजले की भांडी वाजायला लागली. घरातून भूतपिशाच्च हाकलायची ती जुनी रीत आहे. आपल्याकडे वर्षभरापूर्वी संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या होत्या, तो आवाज माझ्या कानात होता. हा वेगळा होता, दात आवळून काढलेला. पत्र्याची घमेली, कढया, कुकरची झाकणं, गच्चीवरचे लोखंडी कठडे. मी आधी दोन दिवस नुसतीच ऐकत राहिले, कारण आपण परक्या, आपण वाजवावं का? तिसऱ्या दिवशी समोरच्या गॅलरीतल्या आजींनी मला बघितलं आणि हातातला दुसरा डाव पुढे करून दाखवला. मग मी आपल्या पोळ्यांचा तवा घेऊन उभी राहिले. त्याच्यावर तेव्हाचा पोचा आहे अजून.

आणि ज्यांची मतं कोणी विचारली नव्हती त्या परक्यांना आता सगळे विचारू लागले. रोज सकाळी मुलं-मुली वकिलातींच्या फाटकांसमोर जाऊन बसायची. अमेरिकी वकिलात, चिनी वकिलात, इंडोनेशियाची, संयुक्त राष्ट्रांची कचेरी. हातात इंग्रजीतले फलक: आम्हाला वाचवण्याची जबाबदारी तुमची आहे. किती प्रेतं पडली म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ हलेल, असा सवाल लिहिणारा एक तरुण दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, हलेडानच्या चौकाजवळ गोळी लागून गेला. जपानचे राजदूत मारुयामा फाटकाबाहेर आले आणि मुलांशी त्यांच्याच भाषेत, अस्खलित बर्मीत बोलले. वचन त्यांनी फारसं काही दिलं नाही, पण अमानं ती चित्रफीत मला तीनदा दाखवली. ‘बघ, आमच्या शब्दांत बोलतोय.’ आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचे स्वतःचेच राजदूत चॉ मो टुन २६ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे राहिले, आपल्याच देशाच्या लष्कराविरुद्ध मदत मागितली, कापऱ्या आवाजात शेवटची वाक्यं बर्मीत म्हटली आणि विरोधाची खूण म्हणून तीन बोटं वर केली. लष्करानं त्यांना दुसऱ्या दिवशी बडतर्फ केलं. आम्ही ऑफिसच्या पँट्रीत उभ्या उभ्या ते पाहिलं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

अमानं मला विचारलं, ‘तुमचा देश काय म्हणतो?’ मी आपल्या परराष्ट्र खात्याचं निवेदन वाचून दाखवलं: तीव्र चिंता, लोकशाही प्रक्रियेला पाठिंबा, कायद्याचं राज्य टिकलं पाहिजे. तिनं नीट ऐकून घेतलं. ‘म्हणजे काय करणार?’ मला सांगता आलं नाही. २७ मार्चला लष्कर दिनाचं संचलन राजधानी नेपिडोमध्ये झालं. त्या एका दिवसात देशभर शंभराहून जास्त माणसं मारली गेली, त्यांत लहान मुलं होती. संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते. रशियानं उपसंरक्षणमंत्री पाठवला होता. आठांत आपणही होतो. तिथे आपला अधिकारी गप्पच बसला असेल, त्यानं काही मत दिलं नसेल. पण तो एका खुर्चीत बसला होता, आणि ती रिकामी राहिली असती तर अमाच्या गल्लीत ते कळलं असतं. सोमवारी ऑफिसात तिनं याचा विषय काढला नाही. तिनं मला चहा दिला, नेहमीसारखा, साखर जास्त.

त्याच महिन्यात मिझोरमचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं की सीमेपलीकडचे चिन जमातीचे लोक आमच्या रक्ताचे आहेत, त्यांना परत ढकला म्हणून सांगू नका. ते पत्र मी अमाला इंग्रजीतून वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा माणूस मत देत नाहीये, नातं सांगतोय.

मत देणाऱ्या परक्यांपैकी ज्यांची मला आठवण येते त्या व्हिकी बोमन. २००२ ते २००६ या काळात त्या तिथे ब्रिटनच्या राजदूत होत्या. मुदत संपल्यावर बाकीचे पुढच्या नेमणुकीला जातात. या परत आल्या, बर्मी बोलत होत्याच, लग्नही तिथल्याच एका चित्रकाराशी झालं होतं: थेइन लिन, ज्यांनी स्वतः कैदेत असताना कैद्यांच्या कपड्यांवर चित्रं काढली होती. २०२२च्या ऑगस्टमध्ये दोघांना अटक झाली. गुन्हा काय, तर नोंदवलेल्या पत्त्यावर न राहता दुसऱ्या घरी राहिल्या. एक वर्षाची शिक्षा, नोव्हेंबरात सुटका. ही बातमी मी पुण्यात वाचली. मला वाटलं, त्या बाईंच्या बोलण्याला किंमत होती, कारण ती किंमत त्यांच्याकडून वसूल करता येत होती. आम्हा बाकीच्यांच्या खिशात परतीचं तिकीट होतं.

माझं तिकीट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातलं. मोबाइलवरचं इंटरनेट केव्हाच गेलं होतं, ऑफिसनं सांगितलं निघा. आदल्या संध्याकाळी अमा मोहिंगाचा डबा घेऊन आली, माशाच्या रश्श्याचा आणि केळीच्या कोवळ्या खोडाचा वास घरभर पसरला. मला रडू येत होतं आणि ती माझी बॅग भरत होती. मी म्हटलं, मी जाते याची मला लाज वाटते. ती म्हणाली, ‘अना-दे वाटून घेऊ नकोस.’

या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही असं तिथले सगळे परके सांगतात, आणि त्यावर लांबलचक टिपा लिहितात. मराठीत आहे. भीड. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून आपलं गिळायचं, मागायचं असलं तरी मागायचं नाही, पाहुण्याचं चुकलं तरी पाहुण्यादेखत म्हणायचं नाही. माझी आजी अशीच होती. भूक असली तरी दुसऱ्याच्या घरी ‘आत्ताच जेवून आले’ म्हणायची. मला हा शब्द चार वर्षं पाठ होता. त्या शनिवारी माझ्या शेजारी तो बसला होता आणि मी ओळखला नाही.

२०२४च्या फेब्रुवारीत लष्करानं सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला. अमाचा मुलगा एकोणीस वर्षांचा. रंगूनच्या थाई वकिलातीसमोर मध्यरात्रीपासून रांगा लागायला लागल्या, दिवसाला चारशेच टोकन. ज्या वयाची मुलं तीन वर्षांपूर्वी वकिलातींसमोर फलक घेऊन बसली होती, त्याच वयाची मुलं आता फक्त व्हिसाचा शिक्का मागत होती. त्याला नवव्या दिवशी टोकन मिळालं. चारेक महिन्यांनी तीही निघाली. आता दोघं चियांग माईला आहेत. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तो बांधकामावर जातो. आमचा फोन नेहमी एकाच वाक्यानं सुरू होतो. ‘थमिन सा पी बी ला?’ भात खाल्लास का? तिकडची ती विचारपूस, आपल्या ‘जेवलीस का?’सारखीच.

गेल्या महिन्यात मी रत्नागिरीला गेले होते. थिबाच्या समाधीचा फोटो पाठव, असं ती कधीपासून म्हणत होती. २०१२ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष थेइन सेइन येऊन गेले तेव्हा समाधीचा परिसर वर्तमानपत्रांत झळकला होता. मी गेले त्या दुपारी तिथे कोणी नव्हतं. शेवाळलेला चौथरा, आंब्याचा पाचोळा, कुठेतरी मिक्सरचा आवाज. मी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हळूहळू फिरवून सगळं दाखवलं. ती पलीकडे चटईवर बसली होती, मागे भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची दिसत होती. तिनं हात जोडले. जरा वेळानं म्हणाली, फार लांब आणलं रे याला.

तेव्हा मी विचारलं. पाच वर्षांनी, समाधीच्या पायरीवर बसून. त्या रात्री तू काहीच का बोलली नाहीस? तुला माहीत होतं.

तिला आधी कुठली रात्र तेच आठवेना. मग आठवलं. बटाटे आठवले, कोळंबी आठवली. म्हणाली, ‘अगं, मी बोलणार म्हणून सगळ्यांचे हात थांबले होते ना. खरं सांगायला बसले असते तर तुमचं जेवण गार झालं असतं.’